परत आलेली ब्लँकेटं

माझी भाची पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेते. मागच्या उन्हाळ्यात ती आठ दिवस आमच्याकडं मुक्कामाला होती. कॉलेजनं तिला काम नेमून दिलेलं: आपत्तीत घरदार सुटलेल्या माणसांना जी मदत मिळते ती कितपत उपयोगी पडते, ते लोकांना विचारून लिहून आणायचं. सकाळी ती घोडेगावच्या बाजूला जायची, तिथून पुढं माळीणच्या नव्या गावठाणात, आणि दिवेलागणीला धुळीनं भरलेल्या चपला घेऊन परत यायची. एका रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "मामा, तुम्ही पण तेव्हा मदत घेऊन गेला होता ना? देणाऱ्यांचा पण एक फॉर्म आहे. भरता का?"

फॉर्म चौदा प्रश्नांचा. नाव, गाव, काय दिलं, किती रुपयांचं, कोणाच्या हाती दिलं, इथपर्यंत मी सरळ लिहीत गेलो. नवव्या प्रश्नाला अडलो. 'आपण दिलेली मदत गरजूंपर्यंत पोचली का?' पुढं तीन चौकोन: पूर्णपणे, अंशतः, नाही. त्यातल्या एकात खूण करायची. पेन हातात तसंच राहिलं. "उद्या भरतो," म्हणालो आणि अंथरुणावर पडलो, पण झोप काही लागली नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 30 जुलै 2014, बुधवार. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वर, आहुप्याच्या वाटेला माळीण हे महादेव कोळ्यांचं गाव. आदल्या दिवसापासून पाऊस धरून कोसळत होता. सकाळच्या पारी वरचा डोंगर सुटला आणि गावावर आला. चाळीसवर घरं गाडली गेली. 151 माणसं गेली. शाळेची इमारत तेवढी उभी राहिली. बाहेरच्या जगाला खबर दिली ती एसटीच्या ड्रायव्हरनं. रोजच्या वाटेनं गाडी घेऊन आला, तर गावच जागेवर नाही. डोंगर का सुटला यावर पुढं पुष्कळ बोललं गेलं. कोणी उतारावर यंत्रं लावून केलेल्या सपाटीकरणाला दोष दिला, कोणी म्हणालं पडकईची खाचरं तर पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. तो माझा अभ्यास नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. माळीणपासून वाटेनं लांब, पण डोंगर आमचेच. गुरुवारी मारुतीच्या देवळात लाउडस्पीकरवर पुकारा झाला आणि दोन तासांत ओटा भरला. शुक्रवारी नागपंचमी होती. आमच्याकडं पंचमीला तवा चढवत नाहीत, काही चिरत-कापत नाहीत, म्हणून बायांनी गुरुवारी रात्री जागून सहाशे चपात्या लाटल्या. शेंगदाण्याची चटणी कुटली. कोणी साड्या दिल्या, कोणी पोरांचे कपडे, बिस्किटाचे पुडे. वर्गणी जमली तिच्यातून नारायणगावातून चाळीस नवी ब्लँकेटं आणली. टेम्पोला फ्लेक्स लावला, 'माळीण आपद्‌ग्रस्तांना मदतीचा हात'. खाली नावं होती, त्यात चौथं माझं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं.

डिंभ्याच्या पुढं रस्ता पाण्याच्या कडंकडंनं जातो. पाऊस असा की वायपर चालूनही काच दिसेना. एका वाडीपाशी चार-पाच बाया रस्त्यात उभ्या होत्या, डोक्यावर इरली घेतलेली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मी पुढं बसलो होतो, काच खाली केली.

"कुठं चालला, दादा?"

"माळीणला."

"आमच्याकडं बी बघा वो जरा. घराच्या मागं डोंगराला भेग गेलीय. दोन रात्री झाल्या, सगळी वाडी शाळेत निजती. पोरं गारठून गेली. दोन-चार पांघरुणं असली तर द्या."

मी म्हणालो, "मावशी, हे माळीणसाठी जमवलंय. लोकांनी त्या नावानं दिलंय. मधीच असं वाटता येत नाही."

ती काही बोलली नाही. "बरं" म्हणाली आणि बाजूला झाली. बाकीच्याही सरकल्या. आमच्या टेम्पोला वाट दिली.

हे मी दगडाच्या काळजानं बोललो नव्हतो. उलट त्या वेळी मला स्वतःबद्दल बरंच वाटलं होतं. लोकांचा पैसा ज्या कामाला दिला त्याच कामाला लागला पाहिजे, ही शिस्त आमच्या वडिलांनी लावलेली. सोसायटीत, देवळाच्या जीर्णोद्धारात मी हिशेब ठेवलेत, एक रुपया इकडचा तिकडं होऊ दिला नाही. म्हणून तर पुढं मला बसवलं होतं.

माळीणपर्यंत टेम्पो जाऊच दिला नाही. अलीकडच्या गावात सामान उतरवून घेत होते. तिथं कॉलेजची पोरं कामाला जुंपलेली. त्यातला एक आमच्या ताडपत्रीखाली डोकावून म्हणाला, "काका, कपडे नका उतरवू. ब्लँकेटं पण नकोत. ठेवायला जागा नाही. आणि घेणार कोण? माणसं किती उरलीत ते बघा की." त्यानं हात केला तिकडं पाहिलं. खोलीच्या छतापर्यंत गाठोडी. त्यातली खालची भिजून वास मारायला लागलेली. ज्या घरातलं एक माणूस वाचलं, आणि तेही परगावी होतं म्हणून वाचलं, त्याच्यासाठी आमच्यासारख्या पन्नास गावांनी साड्या आणल्या होत्या.

"मग पाहिजे काय?" मी विचारलं.

"गमबूट. हातमोजे. बॅटऱ्या. आणि कोरडं सरपण असलं तर बघा. सापडतात तशी अग्नी द्यावी लागतात. सगळी लाकडं भिजलेली."

माझ्या खळ्यात पत्र्याखाली बाभळीचं दोन वर्षांचं वाळलेलं सरपण रचून ठेवलं होतं. ट्रॉलीभर तरी असेल. ते न्यायचं डोक्यात आलं नाही. कसं येणार? मदत म्हणजे कपडे, बिस्किटं, ब्लँकेटं, हे आमचं ठरूनच गेलेलं. 1993 ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हाही आम्ही हेच पाठवलं होतं, आणि माळीणनंतर तळीये झालं, इर्शाळवाडी झाली, तेव्हाही आमच्या देवळाच्या ओट्यावर हेच येऊन पडलं. चपात्यांचं मात्र सार्थक झालं. एनडीआरएफचे जवान, पोलीस, मुंबई-पुण्याहून धावत आलेले नातलग, सगळ्यांनी उभ्या-उभ्या खाल्ल्या. ज्यांच्या नावानं केल्या त्यांनी नाही, पण भुकेल्यांनी खाल्ल्या. मग इथं माझी शिस्त कुठं गेली होती? चपाती जवानाला देताना मला वाटलं नाही की ही माळीणकरांची आहे, मधीच वाटता येत नाही.

येताना अंधार पडला. ती वाडी आली तेव्हा शाळेच्या खिडकीत कंदिलाचा उजेड दिसत होता. मागं ताडपत्रीखाली चाळीसच्या चाळीस ब्लँकेटं कोरडी. मला आठवलं, अगदी स्पष्ट आठवलं. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, रस्ता तुटायच्या आत खाली पोचू." मी "चल" म्हणालो. जाताना जे केलं त्याला निदान नियमाचा आधार होता. येतानाच्याला कसलाच नव्हता. फक्त लाज होती, की सकाळी नाही म्हणालेलो माणूस आता कोणत्या तोंडानं खाली उतरणार.

ब्लँकेटं देवळाच्या खोलीत पडून राहिली. पुढं गावातच वाटली गेली. आमच्या घरात दोन आली.

भाचीकडं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यातलं ती मला मराठीत करून सांगायची. स्फिअर म्हणतात त्याला. जगात कुठंही माणसं उघड्यावर पडली तर कमीत कमी काय मिळालं पाहिजे याचं माप त्यात दिलंय. माणशी रोज पंधरा लिटर पाणी, डोक्यावर साडेतीन चौरस मीटर छप्पर, असं. हे माप निघालं त्यामागं एक घटना आहे. 1994 ला आफ्रिकेत रवांडा देशात मोठी कत्तल झाली. नंतर लाखो माणसं सरहद्द ओलांडून गोमा नावाच्या शहराच्या आसपास छावण्यांत जाऊन पडली आणि तिथं पटकीनं हजारोंनी मेली. मदतीला जगभरच्या संस्था धावल्या. पण त्या छावण्यांवर ताबा कोणाचा, तर बऱ्याच ठिकाणी कत्तल करणाऱ्यांचाच. धान्यवाटपही त्यांच्याच हातून व्हायचं. पुढं या सगळ्या मदतीची तपासणी झाली, 1996 ला अहवाल निघाला. त्यात एक गोष्ट अशी म्हटलीय की राज्यकर्त्यांनी वेळेवर जे करायला पाहिजे होतं, ते न करता नुसती मदत पाठवून भागत नाही.

मापाची मी चेष्टा करणार नाही. शेतकरी माणूस मापाची किंमत जाणतो. आमच्याकडं ते पुस्तक असतं तर टेम्पो भरायच्या आधी 'किती माणसं उरली आणि त्यांना काय लागतंय' हा फोन तरी आम्ही केला असता. तहसीलला नाही लागला तर अडिवऱ्याच्या दवाखान्यात. पण अहवालातली ती दुसरी गोष्ट ऐकली आणि मी भाचीला म्हणालो, थांब, हे परत सांग.

कारण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. ती वाडी तिथं होती कशी? भेग गेलेल्या डोंगराच्या पायाशी कोण हौसेनं घर बांधतं?

आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावानं आहे ते आंबेगाव आज डिंभ्याच्या पाण्यात आहे. घोड नदीच्या काठची भाताची चांगली खाचरं पाण्यात गेली, ती बहुतेक आदिवासींची. कायदा 1976 चा होता, की धरणात जमीन गेली तर धरणाच्या लाभक्षेत्रात जमीन द्यायची. पण त्यासाठी मोबदल्यातला मोठा हिस्सा आधी सरकारात भरायचा. ज्याच्याकडं मोबदलाच दीडदमडीचा आणि तोही घर हलवण्यात उडालेला, तो भरणार कुठून? आणि हिरडा, जंगल, देव सोडून सपाटीवर परक्या गावात येऊन तरी काय करणार? काही आले. पुष्कळ जण पाणी जसं वर चढलं तसे डोंगरावर वर सरकले. त्यांच्यातल्याच काहींनी पुढं जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था काढली, कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेनं त्यांना साथ दिली. 2012 ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार 'शाश्वत'ला मिळाला. चांगलं झालं. पण मासे धरायला पाणी मिळालं म्हणजे बुडालेलं खाचर परत मिळालं असं होत नाही.

आता दुसरी बाजू. लाभक्षेत्रात द्यायची जमीन कोणाची? आमची. डिंभ्याचा डावा कालवा आमच्या शिवाराच्या वरून जातो. ठरावीक मर्यादेच्या वर ज्याची जमीन, त्याच्याकडून वरची जमीन पुनर्वसनाला काढून घ्यायची, याला आमच्याकडं 'स्लॅब' म्हणतात. सातबाऱ्यावर 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा पडायचा. शेरा म्हणजे घरात सुतक. कालवा सगळ्यांना पाहिजे होता, शेरा कोणालाच नको होता. मग गावोगाव वाटण्या झाल्या. कागदावर भाऊ-भाऊ वेगळे झाले, चूल एकच राहिली. आमच्या घरी वडील आणि दोन चुलते. वडिलांना सहीपुरतं येत होतं, चुलत्यांना तेही नाही. घरात दहावी पास मी एकटा. वाटणीचा अर्ज मी लिहिला. अक्षर चांगलं म्हणून तलाठ्यानं शाबासकी दिली. अर्ज मंजूर झाला, आमची जमीन मर्यादेच्या आत बसली आणि एक गुंठाही गेला नाही. त्या दिवशी घरी पुरणपोळी होती.

त्या अर्जाला कोणी पाप म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. जमीन वाचवणं हा आमच्यात गुन्हा नाही, कर्तव्य आहे. आजही मी वडिलांना दोष देत नाही. पण त्या कालव्याच्या पाण्यावर आधी ऊस झाला, मग टोमॅटो झाला, टोमॅटोच्या पैशातून विहीर बांधून काढली, पोराचं शिक्षण झालं, आणि त्याच पैशातून मी माळीणच्या वर्गणीला पाचशे एक रुपये लिहिले. मग ती बाई रस्त्यात उभी राहून मागत होती ते काय होतं? मी त्याला दान समजलो, म्हणून कोणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क माझा, असं मला वाटलं. तेच देणं असतं, उसनं असतं, तर 'हे दुसऱ्याच्या नावाचं आहे' असं मी तिला सांगू शकलो असतो का?

माझे एक मित्र आहेत, निवृत्त मास्तर. त्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, असा हिशेब मागं मागं नेला तर त्याला अंत नाही. माणूस बुडत असताना दोर फेकायचा, हा तळ्यात पडला कसा याची चौकशी करत बसायचं नाही. बरोबर आहे. दोर आधीच फेकायचा. मी म्हणतो ते दोर फेकून झाल्यावरचं आहे. फोटो निघाले, सत्कार झाले, फॉर्मवर खुणा झाल्या, की आम्ही वही मिटतो. आणि वहीचं पहिलं पान नेहमी दुर्घटनेच्या तारखेचं असतं. घेणाऱ्याला हे ठाऊक असतं, पण तो बोलत नाही. हातात चपाती घेतलेल्या माणसाला तक्रार करायची सोय नसते.

भाचीबरोबर मी एक दिवस नव्या माळीणला गेलो. आमडे गावाच्या हद्दीत ते वसवलंय. 2 एप्रिल 2017 ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण झालं. 67 पक्की घरं, सुमारे पाचशे चौरस फुटांचं एकेक, शाळा, रस्ते. घरं खरोखर चांगली आहेत, उगीच नावं ठेवणार नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात, जूनमध्ये, भराव खचला, रस्त्यांना भेगा गेल्या. आपल्या शहरातही रस्ता खचतो, आपण शिव्या देतो आणि वळसा घालून जातो. त्या माणसांनी मातीचा आवाज ऐकलेला आहे. एका घरी भाचीनं विचारलं, घराबद्दल किती समाधानी, एक ते पाच? माझ्याच वयाचा माणूस, म्हणाला, "चार लिवा. घर झ्याक हाय." मग थोडं थांबून म्हणाला, "पाऊस लागला का झोप येत नाय, पन ते काय घराला नाय लागू." भाचीनं चार लिहिलं. झोपेचा रकाना नव्हता. तिनं ते बाजूला शिसपेन्सिलीनं टिपलं, ते मला आवडलं.

येताना मी त्या वाडीवर उतरायचं ठरवलं. पिशवीत घरातलं एक ब्लँकेट घेतलं होतं. कशासाठी, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. ती बाई सापडली. आता केस पांढरे झालेले. दारात बाळहिरडा वाळत घातला होता. मी ओळख सांगितली, तो दिवस सांगितला. तिला मी आठवत नव्हतो. "तवा लई टेम्पो गेलं, दादा. कोनाकोनाला धेनात ठेवू?" म्हणजे मी दहा वर्षं जे उराशी घेऊन होतो ते तिच्या लेखी नव्हतंच, आणि त्यानं मला हलकं वाटायच्या ऐवजी उलटच झालं. किती जण नाही म्हणून गेले असतील!

भेगेचं विचारलं. साहेब येऊन बघून गेले, मोजून गेले, म्हणाली. धोक्याच्या यादीत वाडीचं नाव आहे. जोराचा पाऊस लागला की अजून सगळे शाळेत झोपायला जातात. घर खालच्या अंगाला हलवायचं तर खाली पाणी. तिचं सासरचं खाचर कुठं होतं ते तिनं बोटानं दाखवलं. उन्हाळ्यानं पाणी मागं हटलेलं, चिखलाचा पट्टा उघडा पडलेला, त्याच्याही पलीकडं, पाण्यातच. "ममईला हाय माझा ल्योक," मधेच म्हणाली, "त्यो म्हनतो हिकडं ये."

मी ब्लँकेट काढून पुढं केलं. ती हसली. "आन् उन्हाळ्यात ब्लांकीट!" पण घेतलं. उलगडून अंगणात पसरलं आणि उरलेला हिरडा त्याच्यावर वाळत टाकला. भाची फोटो काढायला लागली, मी नको म्हणालो.

त्या रात्री मी फॉर्म पुरा केला. नवव्या प्रश्नाला 'नाही' वर खूण केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्या वाडीचं नाव लिहिलं.

त्यानंतर आमच्या पाणी वापर संस्थेची सभा झाली. ऐनवेळच्या विषयात मी उठलो. म्हणालो, दर आवर्तनाला एकरी शंभर रुपये आपण वेगळे काढू. वरच्या अंगाच्या ज्या वाड्या धोक्यात आहेत त्यांतल्या एका वाडीला तरी जागा शोधून द्यायला, सरकारदरबारी हेलपाटे घालायला, ते पैसे लावू. आपल्या सातबाऱ्यावरचे शेरे कसे चुकवले ते इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं, कारण त्यानंतर पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

एक तरणा पोरगा म्हणाला, "काका, त्यांना तेव्हा मोबदला मिळाला ना? मग संपलं." दुसरा म्हणाला, "दान करायचंय तर करू की, त्यात धरण कशाला आणता?" तिसरा, माझाच चुलतभाऊ, कागदावर माझ्यापासून वेगळा झालेला, म्हणाला, "तुझ्या वाट्याचं तू दे." त्याचं म्हणणं खोटं नाही. माझ्या साडेतीन एकरांचे साडेतीनशे मी टेबलावर ठेवले. खजिनदार म्हणाले, पावती कोणत्या खात्यावर फाडू? तसं खातंच नाही. पैसे परत माझ्या खिशात आले.

सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं, 'विषयावर चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत.' पुढची सभा दिवाळीनंतर आहे. या वेळी विषय तोंडी मांडणार नाही, अर्ज लिहून देणार आहे.